दोन सीट बाकी

अप्पा, परवा आईने मला एक प्रश्न विचारला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, मी शेजारी वही उघडून बसले होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “मग तवाच काहून न्हाई म्हणलीस, गाडी रिकामी काढा म्हणून?” तुम्ही गेल्यापासून पाच वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींपैकी कोणी ती उलटली नाही.

वही तीच आहे, माझी दहावीची विज्ञानाची. मागच्या बाजूने उघडली की तुमची सहल सुरू होते. आपल्या गावच्या, गोरेगावच्या स्टँडवर तुमच्या जीपचा नंबर लागायचा, आणि नंबर लागला तरी अकरा माणसं भरल्याशिवाय हिंगोलीला निघायचं नाही, हा सगळ्या ड्रायव्हरांचा नियम. माणसांना तुम्ही ‘सीट’ म्हणायचा. सीट भरेपर्यंत तास जायचा, कधी दीड तास. त्या वेळात मी पुढे बसून अभ्यास करायचे आणि तुम्ही स्टिअरिंगवर वही टेकवून चार दिवसांचा रस्ता आखायचा. हिंगोली, औंढा, वसमत, नांदेड. मग सहस्रकुंडाचा धबधबा, किनवट, माहूर. परत येताना पैनगंगेचं जंगल, उमरखेड, कळमनुरी. किलोमीटर तुम्ही कधी लिहिले नाहीत. ‘हिंगोली ते नांदेड तीन फेऱ्या’ असं लिहायचा, कारण गोरेगाव-हिंगोली एवढंच तुमचं माप होतं. बघण्याच्या जागांपेक्षा पंक्चर कुठे निघतं आणि इंजिनात घालायला पाणी कुठे मिळतं याचीच नोंद जास्त. मी हसायचे. “अप्पा, ही काय सहल हाय का?” तुम्ही म्हणायचा, “गाडी चालली तर सहल. न्हाई तर नुसतं रस्त्यावर बसणं.”

एकदा मी विचारलं, शहरं ठीक आहेत, पण जंगलात काय बघायचं? वाघ तर दिसणार नाही. तुम्ही म्हणालात, “वाघ कशाला पाहिजे? जिथं कोणी हात करत न्हाई असा रस्ता बघायचाय मला.” बावीस वर्षं तुम्ही रस्त्यावरच्या प्रत्येक हातासाठी ब्रेक दाबत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी ते वाक्य गंमत म्हणून मैत्रिणींना सांगितलं.

आता ती सकाळ. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू आहे, मी तुमच्याच जीपने हिंगोलीला निघाले आहे. तुम्ही बोनेटला टेकून उभे आहात आणि छाती चोळता आहात. “जरा भरून आल्यासारखं व्हतंय,” असं म्हणता. शर्ट पाठीला चिकटला आहे, आणि ऊन तर अजून चढलेलंही नाही. तुमच्या मागच्या नंबरचे काका, ज्यांच्याशी तुमचं रोज भांडण आणि रोज चहा, ते लगेच म्हणतात, “हिंगोलीला दवाखान्यात जा बरं आधी. तुझी गाडी पयली भरू.” आणि सगळे कामाला लागतात. काका आपल्या जीपमधली तीन माणसं उठवून तुमच्या जीपमध्ये बसवतात. कोणी चहाच्या टपरीवरून सीट शोधून आणतं. एक बाई पिशव्या उचलता उचलता म्हणते, “एवढा मान कधी मिळाला न्हाई बाई आमाला!” सगळे हसतात, तुम्हीही. मी खाली उतरते आणि स्टँडवर ओरडते, “हिंगोली, हिंगोली! दोन सीट बाकी! दोनच!”

मला वाटत होतं मी तुम्हाला वाचवते आहे. कोणीही वाईट वागलं नाही, अप्पा, हेच मला सोसत नाही. प्रत्येकाने जमेल तेवढी घाई केली, पण ती जीप भरायची घाई होती. मी विज्ञान शिकत होते. हृदयाची आकृती मला झोपेतही काढता आली असती. तरी रिकामी जीपसुद्धा रस्त्याने धावते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन सीट मिळायला अर्धा तास गेला. मग गाडीही तुम्हीच चालवली. “दुसऱ्याच्या पायाला तिचा क्लच बसत न्हाई,” म्हणालात. अर्ध्या वाटेत बाभळीपाशी तुम्ही जीप रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, “उतरा,” म्हणालात आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. अकरा माणसांपैकी एकालाही खरचटलं नाही.

त्यानंतर जीप अंगणात उभी राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. मी पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली. शिकवणीच्या नोकरीला लागले, जीप दुरुस्त करून घेतली आणि काकांकडूनच ती चालवायला शिकले. क्लच खरंच कोणाच्या पायाला बसत नाही. या वर्षी मी ठरवलं की तुमची सहल करायची, आईला घेऊन, वहीत आहे तशीच. आई आधी म्हणाली, “नवरा गेलेली बाई फिरायला निघाली म्हणतील लोकं.” मग माहूरचं नाव ऐकून तयार झाली, आणि दुसऱ्याच दिवशी मावशी, शेजारीण, शेजारणीची सून असं करत तिने नऊ जणी गोळा केल्या. मी म्हणाले, दोघीच जायचं. ती म्हणाली, “येवढी मोठी गाडी रिकामी न्यायची? बराबर दिसत न्हाई ते.” तेव्हा माझ्या तोंडून गेलं, “अप्पा रिकामे निघाले असते तर आज असते.” त्यावर तिने तो प्रश्न विचारला.

हे मी वसमतच्या पुढे लिंबाच्या सावलीत लिहिते आहे. आसपास कुठे तरी हळद शिजते आहे, तिचा वास येतो आहे, आई मागच्या सीटवर आडवी झाली आहे. जंगल अजून लांब आहे. हे पान वहीतच राहणार, तुमच्या पंक्चरच्या नोंदींच्या मागे. एक सांगायचं आहे. त्या नऊ जणींना घरीच ठेवून आज सकाळी आम्ही दोघीच निघालो. स्टँडवर काकांनी हात केला, “थांब की पोरी, दोन सीट हायेत हिंगोलीच्या!” मी थांबले नाही. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, हे कबूल करते. बाभळीच्या अलीकडे एक म्हातारी हात करून उभी होती. तिच्यापाशीही थांबले नाही. आई मागे वळून बघत राहिली आणि म्हणाली, “अजून हात करूनच राहिली ती. तिला दवाखान्यात जायचं असंल तर?”

मी जीप मागे घेतली. म्हातारी औषधाच्या चिठ्ठ्यांची पिशवी सांभाळत चढली, बसली, आणि रिकाम्या सीटकडे बघून तिने विचारलं, “बाकीचे कुठंयत? गाडी भरायची न्हाई का, बाई?”

“न्हाई,” मी म्हणाले, आणि जीप काढली.