शून्य चालत नाही

सोमवार, २ मार्च १९९८

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वीस वर्षं मी केलर्सबर्गच्या सहकारी टेलिफोन कंपनीत बसून दर मार्चला वार्षिक अहवाल भरत आले आणि तीन प्रती करून राजधानीतल्या या टेलिफोन आयोगाकडे पाठवत आले. आता मीच आयोगात आले आहे. बावन्नाव्या वर्षी माणसाला बढती मिळते ती अशी.

काम मला आवडण्याजोगं आहे. राज्यातल्या सगळ्या टेलिफोन कंपन्यांनी यंदापासून अहवाल कागदावर न पाठवता कॉम्प्युटरवरून दाखल करायचे आहेत. त्याची पद्धत कशी असावी, कुठला रकाना सक्तीचा, किती दिवसांत हरकत घ्यायची, हे सगळं मी लिहायचं. साहेब ड्वेन हफ दिलखुलास माणूस आहे. म्हणाला, या कंपन्यांतली निम्मी म्हातारी माणसं अजून टाइपरायटरला घाबरतात, त्यांना समजेल असं लिही.

वहीच्या पहिल्या पानावर नव्या गावातले फोन नंबर लिहायला घेतले. पहिला आर्डिस निलसनचा. ती चौतीस वर्षं दफ्तरखाना सांभाळते आहे आणि या महिन्याअखेर निवृत्त होते आहे. दुसरा ड्वेनचा. तिसरा घरमालकीण मिसेस झेलेंकांचा. चौथा भाऊ मायलोचा. त्याने पुन्हा नंबर बदलला आहे.

रविवार, ८ मार्च

जोलीनचा फोन आला. पोरीने तिकडे वेस्टफील्डला घर बदललं, आता बाळासाठी वेगळी खोली आहे. मे महिन्यात मी आजी होणार. तिचा नवा नंबर पाठ होईपर्यंत पहिल्या पानावर लिहून ठेवला. पाचवा.

माझा नवरा हॅरॉल्ड गेल्यापासून आम्हा दोघींचा एक ठराव आहे. मी कधीही फोन केला, तरी तिने हातातलं काम टाकून उचलायचा. बिचारी पाळते. आज म्हणाली की आई, पाव करपला तरी चालेल, तुझा फोन चुकत नाही.

मंगळवार, १० मार्च

आज आर्डिसने दफ्तरखाना दाखवला. प्रत्येक कंपनीचा क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचा कपाटात खण. एकशे सतरा क्रमांकाची फाईल दोऱ्याऐवजी गंजक्या काटेरी तारेने बांधलेली. मी हसले. आर्डिस हसली नाही.

विलो फोर्क टेलिफोन कंपनी. पाच शेतांवरची पाच घरं. कुंपणाच्या तारेलाच फोन जोडलेले, त्या काळी सगळीकडे तसंच असायचं. पाचही घरांना मिळून एक ऑपरेटर, ओपल रीड. प्रत्येक घराची घंटा वेगळी, कुणाची दोन लांब एक आखूड, कुणाची तीन आखूड. आणि संकट आलं तर एकच लांब, न थांबणारी घंटा, म्हणजे सगळ्यांनी रिसीव्हर उचलायचा. मे १९३५ मध्ये आयोगाने फर्मावलं की संकटाची घंटा चालते का, हे तपासून कळवा. ओपलने सगळ्यांना निरोप दिला की मंगळवारी दुपारी घंटा वाजेल ती चाचणी आहे, उचलू नका. त्याच मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरचा बंधारा फुटला. ओपल घंटा वाजवत राहिली. एकानेही उचलला नाही. पाचही घरं वाहून गेली, ओपलही.

तेव्हापासून आयोगातला एक माणूस दर वर्षी ३१ मार्चला एकशे सतराच्या नावाने एक कोरा अहवाल काढतो आणि त्यात आपल्या हाताने लिहितो, सुरू असलेल्या लाइन, शून्य. नियमात हे कुठेच नाही. आर्डिसला तिच्या आधीच्या माणसाने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने. मी विचारलं, एखाद्या वर्षी राहिलं तर. ती म्हणाली, राहू द्यायचं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला दर वर्षी सांगावं लागतं, बाई, की आता तिकडे कुणी नाही. नाहीतर ती वाजवत बसेल."

म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ असतं. मी तिला शब्द दिला की कॉम्प्युटरवर मी स्वतः शून्य भरीन.

शुक्रवार, १३ मार्च

दाखल करण्याची चाचणी घ्यायची होती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी, एकशे सतरानेच घेऊ.

शून्य भरलं. प्रोग्रामने लाल अक्षरात कळवलं की या रकान्यात शून्य चालत नाही. खरंय, चालू कंपनीला निदान एक तरी लाइन हवीच, ही सूचना मीच दिली होती. म्हणून तात्पुरतं पाच भरलं. पुढचा रकाना ऑपरेटरचं नाव, तोही सक्तीचा. ओपल रीड लिहायला हात धजेना, कुणास ठाऊक का. माझंच नाव घातलं, लॉरेटा. शेऱ्यात लिहिलं, चाचणी. पाठवलं.

मग लक्षात आलं की वरच्या कोपऱ्यातलं बटण चाचणीवर नव्हतंच, प्रत्यक्ष दाखल करण्यावर होतं. वीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. ड्वेन म्हणाला, मेलेल्या कंपनीला काय फरक पडतो, पुढच्या आठवड्यात दुरुस्त कर. आर्डिसला काही बोलले नाही. लाज वाटली.

सोमवार, २३ मार्च

गेला आठवडा कंपन्यांचे फोन घेण्यातच गेला, दुरुस्ती राहिली. आज सकाळी प्रिंटरवर आपोआप कागद आला. एकशे सतरावर दहा दिवसांत कुणाची हरकत नाही, सबब अहवाल स्वीकृत. घोषित लाइन पाच, जोडलेल्या शून्य, तफावत पाच. तफावत दूर करावी.

स्वीकृत अहवाल पुसता येत नाही. हा नियमही माझाच.

दुपारी एक विचित्र गोष्ट झाली. मी टेबलाशी बसले होते, आणि एकदम घड्याळात सव्वादोन. मधली पाच मिनिटं कुठे गेली कळेना. घसा बसलेला. ड्वेन दारातून विचारत होता की कुणावर एवढी ओरडत होतीस, काय पाणी पाणी लावलं होतंस. फोन जागच्या जागी होता. मी म्हटलं, सर्दी झाली असेल.

मंगळवार, २४ मार्च

आर्डिस गेली.

काल दुपारी. शेजारीण सांगत होती की आर्डिसच्या घरातली घंटा एकसारखी वाजत होती, मध्ये खंड नाही. मग आर्डिस ओट्यावर आली आणि म्हणाली, ऑफिसातून लॉरेटाचा फोन होता, काय घाई आहे कळत नाही. पुन्हा आत गेली. संध्याकाळी भाचा आला तेव्हा खुर्चीत बसलेली. डॉक्टरांनी हृदय लिहिलं आहे. भाच्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की जमीन कोरडी, खुर्ची कोरडी, पण मावशीचे केस ओले होते आणि तोंडात गाळ होता.

मी तिला फोन केला नव्हता.

ऑफिसात परत आले तर प्रिंटरवर कागद. जोडलेल्या लाइन एक. तफावत चार. खाली ग्राहकाचं नाव, आर्डिस निलसन, आणि तिचा नंबर माझ्या वहीत आहे तसा. मी घाईत सात आकडा एकासारखा काढते, तोही तसाच.

गुरुवार, २६ मार्च

आर्डिसच्या अंत्यविधीला खसखशीच्या कोलाची, आमच्याकडचे गोड पाव, करून नेल्या. लोक चांगलं बोलले. मी कुणाच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही.

ड्वेन आला नव्हता. काल घरी गेला तो आज आला नाही. काल दुपारची माझी पाच मिनिटं पुन्हा नाहीत. त्याची बायको सांगते, दुपारी जेवायला घरी आला, फोन उचलला आणि हसत म्हणाला, लॉरेटा, चाचणी आहे का. तेवढंच. मग ती अंगणात कपडे काढायला गेली, परत आली तेव्हा तो जमिनीवर निपचित, केस ओले.

जोडलेल्या दोन. तफावत तीन.

आता मला कळलं आहे. दर वर्षी शून्य लिहिलं जायचं, ओपलची खुर्ची रिकामी राहायची, म्हणून ती शांत होती. मी तिथे स्वतःचं नाव लिहून बसले. आणि पाच घरं मीच दिली, पहिल्या पानावर, क्रमाने.

शुक्रवार, २७ मार्च

प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीला फोन केला, तोही सकाळी. दुपारच्या फोनवर माझा विश्वास राहिलेला नाही. म्हटलं, तेवढा रकाना शून्य घेईल असं करा, पाया पडते. मुलगा नम्र होता. म्हणाला, बदल नोंदवून घेतो, जूनच्या आवृत्तीत येईल.

ऑपरेटरचं नाव बदलून पाहिलं. जुन्या ऑपरेटरची कारणासह सही हवी. ओपलची सही कुठून आणू. लाइन पाचच्या दोन करून पाहिल्या. सेवा बंद करायची तर आयोगासमोर सुनावणी, किमान तीस दिवस. बरोबरच आहे. ग्राहकाला वाऱ्यावर सोडू नये म्हणून केलेला नियम आहे तो. मी केलर्सबर्गला असताना या नियमाच्या बाजूने भाषण केलं होतं.

पहिलं पान फाडून मोरीत जाळलं.

मिसेस झेलेंकांना सांगितलं, दुपारी फोन उचलू नका, माझा असला तरी. त्या म्हणाल्या, बाई, तुझा असेल तर का नको. दोन वाजता मी स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं आणि तोंडात टॉवेल कोंबला. सव्वादोनला बाहेर आले. टॉवेल ओला होता, चिखलाने.

खाली त्या स्वयंपाकघरात होत्या, रिसीव्हर हातात, केस ओले.

सोमवार, ३० मार्च

शनिवार-रविवार काही झालं नाही. ऑफिसच्या दिवशीच होतं सगळं. ती नोकरदार बाई होती, शेवटी.

मायलोला सकाळी सगळं सांगितलं. आधी हसला, मग म्हणाला, ताई, तू हॅरॉल्डनंतर नीट रडलीच नाहीस. डॉक्टरांना भेट. शेवटी म्हणाला, बरं, नाही उचलत. मला माहीत होतं तो उचलणार. लहानपणापासून मी हाक मारली आणि तो आला नाही असं झालेलं नाही.

तफावत एक.

मंगळवार, ३१ मार्च

मायलोसाठी रडायलाही वेळ नाही.

एक लाजिरवाणी गोष्ट लिहून ठेवते. रात्रभर विचार करत होते की पाचव्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घालावा. फोनच्या पुस्तकातून, डोळे मिटून, बोट ठेवून. नाव आलं एका शाळेचं. पुस्तक बंद केलं.

सकाळी कॉम्प्युटरवर पाचव्या जागी माझाच नंबर घातला. मी जाते, तिला सोडा. लाल अक्षरं आली. ऑपरेटरला स्वतःची लाइन जोडता येत नाही.

कागदी कोरा अहवाल काढून हाताने शून्य लिहिलं, आर्डिससारखं. आज ३१ तारीख. सही केली, शिक्का मारला. खिडकीवरच्या मुलीने परत आणून दिला. यंदापासून कागदावर घेत नाही, असं तिने सांगितलं. माझ्याच सहीचं परिपत्रक दाखवलं.

जोलीनला कळवायचं तर फोनच करावा लागेल. फोन केला तर ती उचलणार. आणि सकाळी का असेना, बोलणारी मीच असेन याची खात्री आता कुणी द्यावी.

गाडी काढते. तीन तासांचा रस्ता, दोनच्या आत पोचते. तिच्याजवळ बसून राहीन.

वेस्टफील्ड. एक वाजून वीस

पोचले. दारातच मिठी मारली तिने. पोट केवढं झालं आहे. मी आल्या आल्या भिंतीतून फोनची तार उपटली, कात्रीने दोन तुकडे केले. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, सूप वाढलं. मी सांगत गेले, ती हात धरून ऐकत गेली. विश्वास ठेवला नाही तिने, पण शब्द दिला. नाही उचलणार.

बाळाची खोली दाखवली. पिवळा रंग दिला आहे.

एक पन्नास

लिहीत राहते. हात चालू असला की मी मीच आहे हे कळतं. ती समोर विणते आहे. तार जमिनीवर. दोन तुकडे.

दोन वाजले

काही नाही. ती हसली. म्हणाली, बघ.

घशात थंड

दोन सात. पेन घट्ट धरलं आहे. जोलीन जोलीन जोलीन माझी जोलीन

वाजतंय

तार तुटलेली आणि वाजतंय. एकच लांब. थांबत नाही. मी मान हलवते आहे, नाही, नाही. ती उठली आहे. मला तिला सांगायचंय बस खाली, पण तोंड माझं

ती म्हणते, "आई, तू इथेच आहेस ना, मग तुझा असूच शकत नाही. उचलून तुला दाखवते, म्हणजे तुझी भीती जाईल."

मला ओरडता येत ना

उचलला. कानाला लावला. माझ्याकडे बघतेय. रिसीव्हरकडे बघतेय, पुन्हा माझ्या तोंडाकडे.

माझे ओठ हलतायत. मी काही बोलत नाहीये. मी काही बोलत ना

तिच्या केसांतून पा