बॅनरवरचे दोन पाय

१२ नोव्हेंबर
पेन्शन याही महिन्यात नाही. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "वरूनच आली नाही, ताई." वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही ठाऊक नसावं. दिवाळीमुळे उशीर झाला असेल म्हणून मागच्या महिन्यात गप्प बसले. वहिनी चहा देताना "येईल हो" म्हणाली. फारच गोड म्हणाली.

१७ नोव्हें.
दादाला सुट्टी टाकायला लावून पेन्शनच्या ऑफिसात. अपंगांचं काम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद! दादा वर गेला, तेव्हा क्लार्क फाइल घेऊन खाली आला. म्हणाला, "तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आलाय. तुम्ही धडधाकट चालता म्हणून." मी पायाला कॅलिपर लावून, कुबडी धरून त्याच्यासमोर उभी. त्याने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि विश्वास ठेवला तो कागदावर.

कागदाला माझा फोटो जोडलेला. जांभळी नऊवारी, कमरेवर हात, दोन्ही पायांवर ताठ उभी. पायात जोडवीसुद्धा. लग्न केव्हा झालं देव जाणे.

दादा हसायला लागला. माझं डोकं सणकलं.

१८ नोव्हें.
नवरात्रात आमच्या महिला मंडळाचा बॅनर चाळीच्या गेटवर लागला होता. फोटो गोळा करून दिले होते समोरच्या खोलीतल्या सुनंदाने. फ्लेक्सवाल्याकडे बायकांची अंगं तयारच असतात, तो नुसते चेहरे चिकटवतो. सगळ्या जणी एकाच मापाच्या. सुनंदा मला म्हणाली, "तुझी कुबडी कशाला दाखवायची गं, सणाचं?" आणि मला आवडलं होतं. आज लिहायला लाज वाटते, पण आवडलं होतं. मी माझ्यापुरता फोटो कापून घेतला, कोपऱ्यात जास्वंदीचं फूल चिकटवलं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला ठेवला.

ऑफिसातल्या कागदावर ते जास्वंद आहे. म्हणजे बॅनरवरून कुणी काढलेला नाही, माझ्या डीपीवरून घेतलाय. आणि माझा डीपी फक्त माझ्याकडे नंबर असलेल्यांना दिसतो.

म्हणजे ओळखीचंच माणूस.

(फूल आणि डीपीचं फक्त दादाला सांगितलंय. बजावलंय, कुणाला बोलायचं नाही. चाळीत विचारणाऱ्यांना एकच उत्तर: कागद कमी पडले.)

२१ नोव्हें.
फोनमधली नावं एकेक करून पाहिली. निम्म्या तर फॉल-पिकोच्या गिऱ्हाइकिणी. एकीची पैठणी मी वेळेत दिली नव्हती, ती? कोपऱ्यावरची ब्लाउजवाली? माझं गिऱ्हाईक वाढल्यापासून ती नमस्कार करत नाही. वहिनी? छे. पण पेन्शन थांबल्यापासून मला पैसे तिच्याकडे मागावे लागतात आणि ती ते द्यायला एकदाही कुरकुरली नाही. तेच खुपतंय.

पेन्शन काही फार नाही. पण ती माझ्या नावावर येते. कॅलिपरचा पट्टा तुटला तर नवा घेताना कुणाला "घेऊ का?" विचारावं लागत नाही. दादाला हे कळत नाही. म्हणतो, "मी हाय ना गो." तू आहेस रे, तेच तर.

२६ नोव्हें.
समोरची सु. भाजी निवडायला येऊन बसली. एरवी तासभर बडबडते, आज गप्प. की मलाच तसं वाटलं? तिच्या सासूचा पेन्शनचा अर्ज दोनदा परत आलाय, उत्पन्नाच्या दाखल्यापायी. म्हातारी दोन वर्षं अंथरुणाला. मागे एकदा सु. म्हणाली होती, "तुझं बरंय, मंदे. तुझा पाय सगळ्यांना दिसतो." तेव्हा मी हसले होते.

शी. आईला शेवटचं बघायला हॉस्पिटलात जायचं होतं तेव्हा मला पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरलेली बाई ही. मी काय लिहितेय.

२ डिसेंबर
फोन आला. परवा घरी चौकशीला माणूस येणार. पंचनाम्यावर चाळीतल्या दोघांच्या सह्या लागतील, घरातलं माणूस चालत नाही. एक तळमजल्यावरचे परबकाका. दुसरं कोण? मला रोज बघणारी आहे कोण दुसरी. सु.ला सांगितलं. "येते की," एवढंच म्हणाली.

४ डिसें.
माणूस आला. तरुण, बुजलेला. "ताई, जरा चालून दाखवा." गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी दारं उघडी, सगळ्या बायका दारात. चव्वेचाळीस वर्षांची मी, शाळेतल्यासारखी परीक्षा देत होते. परत येताना कॅलिपर लादीवर घसरला, भिंत धरली. तो म्हणाला, "कुबडीशिवाय दोन पावलं?" तेव्हा सु. पुढे आली. "काय नाचून दाखवू दे तुला? लग्न होऊन आल्यापासून बघतेय मी हिला. कर तुझा कागद!" पोरगा घाबरलाच. परबकाकांनी सही केली. मग तिने. मोठी, ठसठशीत सही केली.

मला रडू आलं. तिच्या खांद्यावरच रडले. इतके दिवस हिच्यावर संशय घेतला म्हणून स्वतःचीच शिसारी आली.

माणूस जिना उतरत होता. ती माझे डोळे पुसत हळूच म्हणाली, "त्याला सांगितलंस ना, डीपीतलं अंग तुझं नाही म्हणून?"

मी तिला डीपीचं सांगितलेलं नाही. त्या पोरानेही फाइल उघडून दाखवली नव्हती.

५ डिसें.
दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तोच बोलला असेल. तोच बोललेला असू दे.

विचारलं की कळेल. "सुनंदाला सांगितलंस का?", एवढंच विचारायचं. हो म्हणाला तर प्रश्न मिटला.

आज सकाळपासून दादा घरीच आहे. दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसले. दोन्ही वेळा चहा हवा का, तेवढंच विचारून आले.