मागच्या टायरबद्दल माझा निर्णय

३ सप्टेंबर, बुधवार
मोटारसायकलच्या मागच्या टायरला चीर. रस्त्यातला पत्र्याचा तुकडा. चीर बाजूला आहे, दोन बोटं लांब, आतून ट्यूब डोकावते. पंक्चरवाला सोमेश्वर बघताक्षणी म्हणाला, ‘साहेब, वरती कापलं असतं तर भागलं असतं. बाजूचं न्हाई टिकत. नवं टाका.’ त्याच्याकडे नवी टायरं विकायला नाहीत, तरी नवं टाका म्हणतो. यात काहीतरी असणार. घनसावंगीत दहा वर्षं कृषी सेवा केंद्रात बसून लोकांना सल्ला देतोय, माणूस ओळखतो.
तूर्त आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घेतला. गावातल्या गावात चालवा, लांब जाऊ नका, असं त्याने बजावलं.
१५ तारखेला अक्षताला जालन्याला न्यायचंय. नर्सिंगचा प्रवेश, कागदपत्रांची तपासणी. बारा वाजायच्या आत हजर नसेल तर सीट दुसऱ्या मुलीला. ती आठवीत होती तेव्हा शब्द दिला होता, कॉलेजच्या दारात पप्पाच सोडणार, याच गाडीवर. अजून बारा दिवस आहेत. घाईत निर्णय घेणार नाही.

४ सप्टेंबर
पान दुमडून दोन रकाने केले. दुरुस्तीच्या बाजूने नऊ मुद्दे. नव्याच्या बाजूने एकच: फुटणार नाही. तरी नुसत्या बहुमतावर जाऊ नये. विचार चालू.
दुपारी केंद्रावर शेतकरी रामकिसन आला. कपाशी लाल पडलीय, फवारू का पीकच मोडू? तीन मिनिटांत सांगितलं, मोडा. लोकांना स्वतःच्या गोष्टी ठरवता येत नाहीत याचं नवल वाटतं.

६ सप्टेंबर
बायको म्हणाली, ‘परवापासून पितृपक्ष लागून राह्यला. टायर घ्यायचं तर आज घ्या.’ हिला प्रत्येक गोष्टीची जल्दी. आज विसर्जन, बाजारात ही गर्दी. तिला बाजारात जायचंच होतं, ती गेली. मी उद्या नक्की.

७ सप्टेंबर
आज ग्रहण. दुपारपासून वेध. खरेदी नको.
हिने पेटीवर गोधडीत गुंडाळून काहीतरी गोल ठेवलंय. काय आहे विचारलं, तर म्हणाली, ‘असू द्या, लागंल.’ वही टेकवून लिहायला उंची बरोबर आहे. मधे खळगा आहे, त्यात चष्म्याची डबी बसते. घरातली माणसं न सांगता आपली सोय बघतात, बरं वाटलं.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. नवी वस्तू घेता येत नाही. पूर्वजांपुढे माझं काही चालत नाही. म्हणजे दुरुस्तीच. निर्णय झाला. डोकं एकदम हलकं.

१० सप्टेंबर
गाडी उत्तम. आतल्या तुकड्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला बुडाखाली टुक असा हिसका बसतो. त्यावरून वेगाचा अंदाज येतो. स्पीडोमीटर तसाही दोन वर्षं बंद आहे.

१२ सप्टेंबर
लोड टेस्ट. अक्षता पंचेचाळीस किलो, युरियाची गोणीही पंचेचाळीस. गोणी मागच्या सीटवर बांधून जांब समर्थला जाऊन आलो. गोणीने काही तक्रार केली नाही. येताना चीर थोडी मोठी दिसली. उन्हात वस्तू मोठ्या दिसतात.

१४ सप्टेंबर, रविवार
अक्षताने हळूच विचारलं, ‘पप्पा, बसनं जाऊ का आपण?’ लागलं मला ते. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणालो. ती बरं म्हणाली आणि फाईल परत परत तपासत बसली. त्यानंतर मी तीनदा बाहेर जाऊन टायर दाबून बघितलं.
उद्या हीसुद्धा गावातल्या मिथुनच्या प्रवासी जीपने मागून येणार आहे. अंबडला काम आहे म्हणे. काय काम, विचारलं नाही. पेटीवरची ती गोल वस्तू घेऊन जाणार का विचारलं, तर हसली.

१५ सप्टेंबर, सकाळी आठ
हवा बरोबर. चीर जिथल्या तिथे. निघतो.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी सात
अंबडच्या अलीकडे टुकटुक थांबली. अक्षताला म्हटलं, बघ, तुकडा शेवटी जागेवर बसला. ती काही बोलायच्या आत टायर फुटलं. पडलो नाही, देवाची कृपा. दोन्हीकडे ऊस, घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. अक्षता फाईल छातीशी धरून उभी राहिली. मला रडू आलं, ते हेल्मेटमध्येच राहिलं. पोरीचं वर्ष मी नऊ मुद्द्यांवर घालवलं, असं वाटलं.
पाच मिनिटांत मिथुनची जीप आली. मला तो योगायोग वाटला. पुढच्या सीटवरून सोमेश्वर पान्हे घेऊन उतरला, तेव्हा वाटेनासा झाला. मागून ही उतरली, हातात ती गोधडी. आत नवं टायर.
सहा तारखेलाच घेतलं होतं, पितृपक्षाच्या आधी. म्हणाली, ‘नवं टाकू असं तुम्ही सोताच म्हणावं, म्हणून ठेवलं. तुम्ही त्याच्यावरच वही ठेवून लिहून राह्यले.’
सोमेश्वर टायर बदलत होता तोवर जीपमधले सगळे खाली उतरून बघत उभे राहिले. त्यांत रामकिसन. जवळ येऊन म्हणाला, ‘साहेब, कपाशी अजून मोडली न्हाई. मंग काय करू?’ म्हटलं, घरी विचारा.
पावणेअकराला कॉलेजच्या दारात. मीच सोडलं, याच गाडीवर. सीट मिळाली. आत जाताना अक्षताने मागे वळून हात केला. मी हेल्मेट काढलं नाही.
घरी आल्यापासून ही टायरबद्दल अवाक्षर बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
पुढचं टायरही गुळगुळीत झालंय, असं सोमेश्वर म्हणाला. बघू, विचार करून ठरवतो.
गोधडी घडी होऊन पेटीत गेली. आज वही मांडीवर घेऊन लिहितोय. अक्षर नीट येत नाही.