बाबांच्या टेकडीचं कुंपण

हालापा, निकाराग्वा
९ जानेवारी २०००

चि. सौ. ओतिलियास दामियानाचे अ. उ. आ. उरले तर तुझ्या नवऱ्यालाही.

तुझं नाताळचं पत्र कॉफीच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. कागदाला डिझेलचा वास होता, पण मजकूर धड पोचला. रोखेलिओला पुन्हा कंबरदुखी झाली म्हणतेस. ऐन कॉफीच्या तोडणीत त्याची कंबर बरोबर दुखते, याचं मला नवल वाटत नाही.

आता मोठी बातमी. आमच्या एव्हेलिओचं लग्न ठरलं, ईस्टर झाला की. मुलगी इथलीच आहे, कामाला वाघीण. पण एका खोलीत सून कुठे ठेवू? म्हणून ठरवलंय, बाबांची टेकडी ताब्यात घ्यायची. युद्धात तू नदी ओलांडून होंडुरासला गेलीस, मी गावात आले, आणि बाबा कॉफीच्या चार झाडांपायी दोन्ही लेकींना सोडून तिथेच बसले. तो राग माझ्या मनातून अजून जात नाही. ते गेल्याचं कळेपर्यंत शेजाऱ्यांनी घराशेजारीच मूठमाती दिली होती. मग शेजारीही उठून गेले, आणि टेकडीवर आजवर कुणाचं पाऊल पडलं नाही.

इथे सुरुंग काढणाऱ्या जवानांना विचारलं. ते म्हणाले, टेकडी अगदी सीमेवर, त्यामुळे त्यांच्या नकाशात ती नाही, तुमच्या बाजूच्यांकडे असेल. पण मी रस्त्यावरून स्वतः पाहिलं. बाबांचं कुंपण अजून उभं आहे, गिरीपुष्पाच्या खुंटांची झाडं झाली आहेत. कुंपण घातलंय म्हणजे आतली जमीन ते कसत होते, म्हणजे ती साफ आहे. राजमा काढून झाला की बैल घेऊन जाणार.

तब्येतीला जप. माझ्यावर माया आहे तेवढी ठेव, रोखेलिओवर थोडी कमी कर.

तुझी ताई,
दामियाना


त्रोहेस, होंडुरास
६ फेब्रुवारी

ती. ताईस ओतिलियाचा सा. न. वि. वि.

एव्हेलिओच्या लग्नाचं वाचून चुलीपुढेच नाचले. रोखेलिओने तुझा आशीर्वाद कपाळाला लावला आणि मग विचारलं की उरलेला म्हणजे नक्की किती.

इकडेही सुरुंगांचंच काम चालू आहे. आमच्या लेफ्टनंटवर देखरेख करायला एक ब्राझीलचा कप्तान आला आहे, जेवायला आमच्याकडे असतो. त्याचं बोलणं अर्धं पोर्तुगीज, अर्धं हातवारे. पण माझं ताजं चीज पाहिलं की अगदी शुद्ध बोलतो.

ताई, एक विचारायचं आहे. काल नदीच्या उतारापाशी, पायी ओलांडतात तिथे, धुणं धूत होते. समोर आपली टेकडी गुलाबी झाली आहे. दर वर्षी या दिवसांत गिरीपुष्पाची पानं गळून नुसती फुलं राहतात, आणि दर वर्षी मी छान दिसतंय म्हणून घरी येते. काल तुझं पत्र डोक्यात होतं, म्हणून कुंपण म्हणून बघायला गेले, तर ते कुंपणच वाटेना. उतारापासून दोन गुलाबी ओळी शेजारी शेजारी घरापर्यंत चढतात, मध्ये बोळासारखी जागा. घराभोवती ओळ फिरते, आणि मागे तशाच दोन ओळी तुझ्या रस्त्याकडे उतरतात. कॉफी सगळी ओळींच्या पलीकडे. माणूस स्वतःच्याच मळ्याला बाहेर ठेवून कुंपण कशाला घालेल? तू म्हणतेस आतली जमीन साफ. पण आतली बाजू कोणती?

मी कप्तानाला विचारेपर्यंत जाऊ नकोस. एवढं माझं ऐक.

लोभ आहेच. मध्ये नदी असून तो आटला नाही, आता तरी आटवू नकोस.

तुझी,
ओतिलिया


हालापा
१४ फेब्रुवारी

चि. सौ. ओतिलियास अ. आ.

बाबांनी आयुष्यात एक तरी गोष्ट सरळ रेषेत केली होती का? घराचं दारसुद्धा तिरकं होतं. नदीपलीकडून फुलं बघून मला घाबरवू नकोस. तू लहानपणीही पोत्यात साप बघायचीस.

बाबा किती विचित्र होते ते सांगते. शेवटच्या वर्षांत बाजाराला आले की माझ्याकडे चिंध्या मागायचे, त्याही लालच हव्यात. माझा लाल परकर नेला, आणि परत येऊन त्याच्या पट्ट्या झकास झाल्या म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याला रिबिनी कशाला लागतात म्हणून मी हसले, तर तेही हसले.

राजमा घरात आला. येत्या सोमवारी मी आणि एव्हेलिओ जातो. उगाच रागावू नकोस. नव्या घरी पहिली कॉफी तुझ्यासाठीच भाजीन.

तुझी ताई,
दामियाना


त्रोहेस
१८ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

नमस्कार, आणि बाकी रीतभात नंतर. जाऊ नकोस.

तुझं पत्र आज दुपारी आलं. परकराचं मी जेवताना हसत हसत वाचून दाखवलं, तर कप्तानाने हातातला चमचा खाली ठेवला. लगेच लेफ्टनंटला घेऊन उतारावर गेला. दुर्बिणीतून बराच वेळ बघून त्याने मला बोलावलं. पलीकडच्या पहिल्याच झाडाच्या सालीत लाल कापडाचा तुकडा आहे. झाडाने तो जवळजवळ गिळला आहे, टोक तेवढं दिसतं.

कप्तान म्हणाला, सुरुंग असतील तिथे खुंटी ठोकून लाल चिंधी बांधायची, हे जगभर असंच करतात. बाबांनी तेच केलं. फक्त खुंट्या घेतल्या ओल्या गिरीपुष्पाच्या, आपल्यात सगळे घेतात तशा. सुकं लाकूड शोधत कोण बसतं? त्या रुजल्या. धोक्याच्या खुणांची झाडं झाली, आणि आपण त्याला कुंपण समजत बसलो. तुझ्या कॉफीतच सुरुंग आहेत, ताई. मधला बोळ तेवढा त्यांनी मोकळा ठेवला असावा.

हे पत्र ट्रकवाल्याकडे देत नाही. नाक्यावरून बसने फेरा मारून रोखेलिओ स्वतः येतो आहे. कंबरेची तक्रार त्याने केलेली नाही.

तुझी ओती


हालापा
५ मार्च

चि. सौ. ओतिलियास दामियानाचे पोटभर आशीर्वाद. चि. रोखेलिओस तुझ्याहून जास्त.

तुझा नवरा सोमवारी सकाळी पोचला. बैल जुंपलेले, कोयता माझ्या खांद्यावर. वाटेत बस बंद पडली म्हणून अर्धा रस्ता पळत आला होता. तोंडातून शब्द फुटेना, तर बैलांपुढे हात पसरून उभा राहिला. मी आधी त्याला झापलं, मग पत्र वाचलं. वाचून आधी बैल सोडले. एव्हेलिओ पुढे चालणार होता, ओती. बैलांच्याही पुढे.

रोखेलिओला केळीच्या पानात उकडलेले मक्याचे नाकातामाल वाढले. मी पानं सोडत गेले, तो खात गेला. आता ईस्टरपर्यंत त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पुढचं वचन देत नाही.

परवा नदीच्या मधल्या खडकावर बैठक झाली. तुमचा लेफ्टनंट, आमचा सार्जंट, मध्ये तो कप्तान. दोघे एकच भाषा बोलतात, तरी कप्तान एकाचं दुसऱ्याला समजावून सांगत होता. तुमच्यांनी नदीकडून, आमच्यांनी रस्त्याकडून एकदम सुरुवात करायची, एकाने शिटी वाजवली की दुसऱ्याने हात थांबवायचे, असं ठरलं. यांचे थोरले भाऊ याच नदीवरून एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आज आमच्या पोरांनी तुमच्यांकडून सुरुंग शोधायच्या यंत्राच्या बॅटऱ्या मागून आणल्या. मी काठावर उभी राहून बघत होते आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

बाबांवर मी इतकी वर्षं रागावले होते. आता तो राग कुठे ठेवू, समजत नाही.

तुझी ताई


त्रोहेस
८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि. सूनबाईस आशीर्वाद. तुझ्या खोलीत पडद्याआड संसार करते म्हणजे खरंच वाघीण.

काम संपलं. आमचे आणि तुमचे जवान काल बाबांच्या पडलेल्या घराच्या चौथऱ्यावर एकमेकांना भेटले. मधल्या बोळात एकही सुरुंग मिळाला नाही. आणि बाहेर, ताई, झाडांच्या अगदी बुंध्यापर्यंत होते. एक तर मुळांनी कवटाळलेला होता. तुमचा सार्जंट त्यासाठी सकाळभर पालथा पडून होता, आणि इकडे आमचे सगळे काम थांबवून बसले होते.

मी कप्तानाला विचारलं, बाबांना हे कळलं कसं? तो म्हणाला, युद्धात सैनिकांना सुरुंग पेरताना पाहिलं असेल, पण तेवढ्याने भागत नाही. गुडघ्यांवर बसून काडीने माती चाचपत वीतवीत पुढे गेले असणार. आम्ही तसंच करतो, फक्त आमच्या अंगावर चिलखत असतं. मग त्याने शिरस्त्राण काढलं आणि कबरीकडे तोंड करून उभा राहिला. आपले बाबा, ताई, ज्यांना मांजर आडवं गेलं तरी धडधडायचं.

एक गोष्ट मनातून जात नाही. शेजाऱ्यांना रस्त्याकडची वाट पुरेशी होती. उताराकडची वाट कुणासाठी? त्या बाजूला फक्त मी होते. खेचरवाल्यांबरोबर ते दर वर्षी निरोप पाठवायचे की येऊन जा, वाट चांगली केली आहे. मला वाटायचं, म्हातारा नुसता लाडीगोडी लावतो आहे. सुरुंगांचं सांगितलं असतं तर आपण दोघींनी वाटेवरही पाऊल ठेवलं नसतं, म्हणूनच बोलले नसावेत. ते कॉफीसाठी राहिलेच नव्हते. तुझ्यासाठी एक वाट आणि माझ्यासाठी एक, त्यासाठी राहिले.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरीवर फुलं घालायला तू तुझ्या वाटेने ये, मी माझ्या.

तुझी,
ओतिलिया


हालापा
४ नोव्हेंबर

चि. सौ. ओतिलियास अनेक आशीर्वाद.

परवा भेटलो, पण नुसत्या रडलो. बोलायचं राहिलं ते लिहिते.

जमीन परत देताना जवान स्वतः त्यावरून चालून दाखवतात, हे मला ठाऊक नव्हतं. तुमचे आणि आमचे, हातात हात धरून, एका रांगेत कॉफीच्या झाडांतून गेले. जिथे मी कोयता घेऊन शिरणार होते, तिथूनच. आमच्या गावची माणसं टोप्या काढून उभी होती. मग खालून झाडांच्या मधून तुझं डोकं दिसलं, डोक्यावर झेंडूची टोपली, आणि मागे रोखेलिओ कंबर धरून. मी वरून उतरले. वाट एवढी रुंद आहे की आपण दोघी टोपल्यांसकट शेजारी शेजारी मावलो. बाबांनी तेवढी मोजूनच ठेवली असणार, असं मला वाटतं, आणि ते मनात आलं की हातातलं काम थांबतं.

एव्हेलिओ घर बाबांच्याच चौथऱ्यावर बांधतो आहे. दार सरळ बसवणार म्हणतो, मी नको म्हटलं. कुंपणाला त्याच झाडांच्या ओल्या खुंट्या तोडल्या आहेत. तुझ्या काठावर लावायला चार बाजूला ठेवल्या आहेत.

माया होती तशीच राहू दे. आणि हो, ट्रकवाला काल येऊन गेला, मी त्याला रिकाम्या हाताने पाठवलं. हे पत्र मीच घेऊन येते आहे, त्याच वाटेने. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या चुलीपाशी बसलेली असेन. वाचून झालं की कॉफी टाक.

तुझी ताई,
दामियाना