कोकराच्या शेवटच्या दोन ओळी आणि प्रभूचा लॅपटॉप

श्री

जवळा बाजार,
सोमवार, ९ जानेवारी २००६

प्रिय शिवहार यास,

ज्ञानबाचा रामराम. (‘प्रिय’ हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. शाईचं आहे, खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून राहू देतो. त्यावरून काही समजू नकोस.) तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि चिरंजीव प्रभूची औरंगाबादची नोकरी हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे माझी प्रकृती तुझं पार्सल येईपर्यंत उत्तम होती. आता रात्री डोळे मिटले की एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि डाव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वळवळतं. आमचं कुटुंब चांगुणा म्हणते, अंगावरून वारं गेलं असेल. मी म्हणतो, अंगावरून शिवहार गेला असेल.

तुला सोयीस्कर विसरायची खोड आहे, म्हणून आधी आपला कज्जा लिहून ठेवतो. चौथीच्या वर्गात व्यंकटराव मास्तरांनी आपल्याला हरवलेल्या कोकराची कविता शिकवली. सांज होते, कळप घरी येतो, मोजताना एक कोकरू कमी भरतं, धनगर डोंगरावर जाऊन हाका मारतो. तुझं म्हणणं, कविता तिथेच संपते. माझं म्हणणं, पुढे आणखी दोन ओळी आहेत आणि त्यांत कोकरू घरी येतं:

दारापाशी वाजे घुंगुर,
आले आले अपुले कोकर.

त्रेपन्न वर्षं मी या ओळी म्हणत आलो. छत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली, ती बिथरलेल्या शेळ्यामेंढ्यांच्या कानांत याच ओळी गुणगुणत. (इंजेक्शन देताना फार उपयोग होतो. तुझ्या महसूल खात्यात असं काही गुणगुणण्याजोगं नसावं.) आता शाळेच्या भिंतीवर ती सबंध कविता मी गुलाबसिंग पेंटरकडून रंगवून घेतली, निळ्या अक्षरांत, कोपऱ्यात कोकरू काढून. (ते कुत्र्यासारखं दिसतं, पण तो वेगळा विषय.) तर तू ऐन पोळ्याच्या दिवशी येऊन, चहा पिऊन, भिंतीकडे बघून म्हणालास, “ज्ञानबा, शेवट तुझ्या पदरचा आहे.” वर गावासमोर ठरवून गेलास की ज्याचं चुकलं त्याने सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, सगळ्या पोरांसमोर अंगठे धरून उभं राहायचं. मी रागाच्या भरात हो म्हणालो. पुस्तक कुठे मिळत नाही, मास्तर राहिले नाहीत, तेव्हा साक्षीला उरली आपल्या वर्गातली एकुलती एक मुलगी, जनकाबाई. ती नरसीला लेकीकडे असते, कानाने ठार बहिरी झाली तरी पाठांतर शाबूत. तू प्रभूला घेऊन गेलास, तिचं म्हणणं सीडीवर घेतलंस, आणि न्यायाने वागायचं म्हणून स्वतः बाहेर लिंबाखाली बसून राहिलास, एक अक्षर ऐकलं नाहीस. इथवर तुझं वागणं माणसासारखं होतं.

पण मग ती सीडी साध्या टेपवर वाजेल अशी का नाही केली? ‘काका, ही फक्त कॉम्प्युटरवरच वाजते, म्हणून ऑफिसातला जुना लॅपटॉप पाठवतोय’ असं प्रभू चिठ्ठीत लिहितो. जुना! शिवहार, जुनी आमची खाट आहे, जुना तू आहेस. हा डबा निराळाच आहे. तुझ्या जुन्या धोतरात गुंडाळून तो एसटीच्या पार्सलने आला तेव्हा धोतर धरून चार किलो भरला. उघडावा तर उघडेना. पुढच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक खिटी आहे, ती दाबायची नसते, सरकवायची असते, हे कळायला आमचा एक दिवस गेला. तोवर मी तो उलटा, सुलटा करून, आणि म्हशीचं तोंड उघडतात तसे दोन्ही बाजूंनी अंगठे घालून पाहिला होता.

उघडला. सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच खुंटी मारल्यासारखा उभा राहिला. प्रभूच्या चिठ्ठीत पुढे काय लिहिलेलं, ऐक: ‘चालवण्याची सगळी माहिती फ्लॉपीत आहे. फ्लॉपी आत घालूनच पाठवली आहे.’ आता मोहनसिंगने, म्हणजे बसस्टँडसमोरच्या झेरॉक्स-एसटीडीवाल्याने, ती इंग्रजी ओळ वाचून सांगितली. आत फ्लॉपी आहे म्हणून मशीन सुरू होत नाही, आधी ती काढा, असं म्हणून राहिलं होतं ते. म्हणजे मशीन कसं चालवायचं ही माहिती मशीनच्या पोटात, आणि ती पोटात आहे म्हणूनच मशीन चालत नाही. हे तुझ्या मुलाने केलं. तू त्याला इंजिनीयर केलास, त्यापेक्षा आमच्याकडे गुरांमागे धाडला असतास तर निदान कासरा कोणत्या बाजूने धरतात हे शिकला असता.

फ्लॉपी काढली. मग आला परवलीचा शब्द. चिठ्ठीत लिहिलं होतं, आपल्याच गावाचं नाव, इंग्रजी अक्षरांत. मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू. ती नदी, ती चिंच, ती पाटी पुसायच्या ओल्या चिंध्यांचा वास येणारी शाळा... आणि मशीन म्हणालं, चूक. पुन्हा लिहिलं. चूक. जन्म या गावात गेला, आणि तो डबा मला माझ्या गावाचं नाव चुकलं म्हणतो! बरं, काय लिहिलं ते दिसेल तर शपथ, अक्षराऐवजी नुसत्या चांदण्या उमटतात. मी अकरा वेळा लिहिलं. बाराव्या वेळी मोठ्याने ओरडून लिहिलं. चांगुणा चुलीपासून म्हणाली, “काहून ओरडून राहिले त्या डब्यावर? त्याला कान न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहनसिंग. त्याने वरच्या रकान्यात, जिथे अक्षरं दिसतात, तिथे लिहून पाहिलं. काही अक्षरांच्या जागी आकडे पडत होते. म्हणाला, “ज्ञानबाजी, मशीन बराबर है. गाव का नाम आधा गिनती में कायको डाल रहे?” झालं होतं असं की एकाच बटणावर अक्षरही असतं आणि कोपऱ्यात बारीक आकडाही. कुठलंसं दुसरंच बटण दाबून धरलं की ती बटणं आकड्यांकडे फितूर होतात, आणि त्याची खूण म्हणून एक हिरवा दिवा लागतो. (हाच तो, डोळे मिटले की दिसतो.) मी फुंकर मारून धूळ झटकताना ते दाबलं गेलं असावं, असं मोहनसिंग म्हणतो. आपल्या वेळी पाटीवर ‘क’ काढला तर ‘क’च उमटायचा. मास्तर रागावले तरी तो ‘क’च राहायचा.

मग सीडीचा कप्पा. बाजूचं बटण दाबलं की तो अर्धा बाहेर येतो आणि बैलाच्या जिभेसारखा लोंबतो. तबकडी आत बसवली, लोटलं, घरघरला, आणि काही नाही. चार वेळा केलं. पुढे बाहेरच येईना. मोहनसिंगने एक बारीक भोक दाखवलं, त्यात टाचणी खुपसली की कप्पा सुटतो. (गळू फोडण्याची हीच रीत आहे, तेवढं एक मला पटलं.) मग कळलं की मी तबकडी उलटी घालत होतो. चकचकीत बाजू वर. अरे, हेडमास्तरांच्या घरी ग्रामोफोनची तबकडी कशी असायची? वाजणारी बाजू वर, त्यावर सुई. आपण खिडकीतून टाचा उंचावून बघायचो, आठवतं? तेव्हा पिवळं ऊन तबकडीवर पडायचं आणि... असो. हा डबा खालून वाचतो. वाचणारा वर आणि वाचायचं खाली, असं एवढी वर्षं चालत आलेलं असताना यांनी ते परस्पर उलटं केलं आणि कुणाला विचारलं नाही.

सुलटी घातली. पडद्यावर सेकंद पळू लागले, तबकडी गरगर फिरू लागली. आवाज नाही. कान लावला, पाठीला लावला, पोटाला लावला. नळीने जनावराची छाती ऐकतात तशी माझी जुनी नळीसुद्धा लावली. आत पंखा घुमत होता, बस्स. त्यात लोडशेडिंग, आणि बॅटरी म्हणावी तर पाच मिनिटं. थोडक्यात, शिवहार, तुझं मशीन मुकं आहे, साक्षीदार ऐकू येत नाही, तेव्हा कज्जा निकाली निघू शकत नाही. सव्वीस तारखेला कोणीच अंगठे धरायचे नाहीत. भिंत आहे तशी राहील. मशीन घेऊन जाण्यास प्रभूला पाठवावे, धोतर चांगुणाने पुसायला घेतले आहे.

वहिनींना नमस्कार. प्रभूला काहीही सांगू नये.

तुझा (सध्या नाइलाजाने),
ज्ञानबा

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त आवाजापर्यंतच. गेल्या गुरुवारी चांगुणा त्याच धोतराने मशीन पुसत होती. पुढच्या कडेला शिवणयंत्राच्या बॉबिनएवढं एक दातेरी चाक आहे, ते फडक्याने फिरलं. सीडी चालूच होती. एकदम घरात जनकाबाई बोलू लागली. चांगुणाच्या हातून फडकं पडलं. तेव्हापासून मी रोज ऐकतो आहे. तुला पाच दिवस कळवलं नाही, याबद्दल वाटेल ते म्हण.

ता. क. दोन. तुझं बरोबर आहे. ती शेवटी म्हणते:

हाक मारुनी थकला धनगर,
डोंगर म्हणतो, ‘कोकर! कोकर!’

आणि गप्प बसते. मग प्रभू बहुतेक हाताने खूण करून पुढचं विचारत असावा, कारण ती म्हणते, “पुढं काई न्हाई लेकरा. इथंच संपते. त्या आठवड्यात ज्ञानबाचं कोकरू लांडग्यानं नेलतं. हे ऐकलं आन् ते पोरगं वर्गात हमसून हमसून रडलं. मास्तर म्हणले, तू आण तुझं कोकरू घरी. मंग त्यानं दोन ओळी जोडल्या, आन् मास्तरनं आमच्या सगळ्यायकून त्या म्हणून घेतल्या.”

शिवहार, मला यातलं काही आठवत नाही. कोकरू आठवत नाही, लांडगा आठवत नाही, रडल्याचं तर मुळीच नाही. त्या ओळी पुस्तकात होत्या, उजव्या पानावर, खाली, एवढंच आठवतं. तू त्या दिवशी शाळेत नव्हतास का? गोवर आला होता तुला, असं चांगुणाला सांगताना माझ्या तोंडून निघालं, खरं खोटं तुलाच ठाऊक.

ता. क. तीन, आणि पत्र लिहिलं ते याचसाठी. अंगठे मी धरीन. कंबर वाकते तितकी वाकवीन, तू मोजून घे. पण गुलाबसिंगला चुन्याचा डबा घेऊन भिंतीकडे पाठवू नकोस. झेंडावंदनाच्या आधी चौथीची पोरं ती कविता भिंतीवर बघून मोठ्याने म्हणणार आहेत आणि तू पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत असशील. तूही त्यांच्याबरोबर म्हण. डोंगराच्या ओळीपाशी थांबू नकोस, एवढंच.