पहिली रांग

सोम. ९ फेब्रु.
नऊला मंदासिस्टरचा रोजचा व्हिडिओ कॉल, आमच्या हॉस्पिटलच्या सुरगाण्याकडच्या दवाखान्यातून. तळहात कॅमेऱ्यासमोर धरते. पाचही बोटं सुटी दिसली की लाइन ठीक. गेल्या वर्षी जोडणी केली तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, "नेटवर्कमध्ये तुमची रांग पहिली. इथे कुणी काहीही बघत असो, डॉक्टरांचा आवाज आधी तुमच्याकडे येणार."
तेव्हा त्या रांगेत ती एकटीच. मग साहेबांची केबिन घुसवली, मग रिसेप्शन, मग चक्क कॅन्टीनचा टीव्ही. देवळातल्या व्हीआयपी रांगेचं होतं तेच. नाही म्हणता येत नाही, जुना रोग माझा.

बुध. ११
परवा संस्थापकांचा सत्कार, हॉलमधून लाइव्ह. साहेब: "चित्र अडकलं तर तुम्ही आहात आणि मी आहे." घातलं तेही पहिल्या रांगेत. वेळेत इंदिरानगरला घरी. निवांत जेवले.

शुक्र. १३
सकाळी बोटं स्वच्छ. माझा आवाजही तिकडे पोचला. पोचणारच, नऊला हॉल रिकामा.
साडेअकराला तिकडे बाळंतपण. बाळ रडेना. इथे आमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. म. यांना स्क्रीनवर सगळं दिसत होतं, पण बाहेर जाणारी लाइन लाइव्हनं भरलेली, त्यांचा आवाज तिकडे पोचत नव्हता. डॉक्टर ओरडून सांगतायत, ती कॅमेऱ्याकडे बघतेय. "सर, काय करू? आवाज येत नाय." मोबाइलला तिथे रेंज नाही. मी धावत जाऊन लाइव्ह तोडलं. तोवर चार-पाच मिनिटं गेली.
बाळ गेलं. मुलगी होती.

शनि. १४
डॉ. म. म्हणाले, "कदाचित तसंही वाचलं नसतं." साहेबांनी एकच विचारलं, लाइव्ह कुणी तोडलं?

सोम. १६
अहवाल टाइप होऊनच आला. 'ग्रामीण केंद्राकडील रेंज व परिचारिकेची सदोष हाताळणी.' खाली माझ्या सहीची जागा.
साहेब: "तुमचीच नोकरी वाचवतोय, मॅडम."
त्या मिनिटांत पहिल्या रांगेत कोण कोण होतं, त्याची नोंद माझ्या मशीनवर आहे. रांग मीच लावलेली. खरं लिहिलं तर मी जाणार, सही केली तर मंदा. भीती वाटते. या डायरीत तरी खरं लिहिते.

मंगळ. १७
आल्या आल्या पहिली रांग रिकामी केली. फक्त मंदा ठेवली. कॅन्टीनवाल्याचा फोन, टीव्ही अडकतोय. अडकू दे.
नऊला हात दिसला. बोटं सुटी. रोज लगेच खाली घेते, आज तसाच धरून राहिली.
"ताई, त्या दिशी माझ्या बाजूनंच काय चुकलं का? समदे मलाच विचारतात."
मी म्हटलं, "थांबा सिस्टर, बघून सांगते."
अहवाल ड्रॉवरमध्ये आहे, अजून सही नाही. साहेबांना चारपर्यंत हवाय.