खुर्चीवरची सोलापुरी चादर

कोळवण,
५ सप्टेंबर २०२५

ती. रजनीआत्या हिला गौतमीचा वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात, गुडघे आज ऐकत नाहीत.) वि. वि.

तू पाठवलेली चाकाची खुर्ची काल तानाजीच्या जीपमधून पोचली. टपावर बांधून, तुझ्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली होती. पौडपासून इथपर्यंत लोक तानाजीला विचारत होते म्हणे, की वर कोण बसलंय.

तू फोन सोडून पत्रंच का लिहायला लावतेस, ते मला कळतं. फोनवर मी ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होते. कागदावर मला खोटं लिहवत नाही, हे तू मला घरी पाटीवर अक्षरं शिकवत होतीस तेव्हापासून तुला ठाऊक आहे. तेव्हा खरं लिहिते. खुर्ची बघून मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. आत्या, मला चालता येतं. अंगणापर्यंत रोज, आणि बऱ्या दिवशी शेजारच्या धोंडाबाईच्या दारापर्यंत. वाताने कंबर आणि गुडघे धरलेत, पण पाय जागेवर आहेत. ज्यांना चालताच येत नाही त्यांची वस्तू मी वापरली तर ती लबाडी होईल.

खुर्ची पडून नाही, ती काळजी करू नकोस. आबांनी तिचा ताबा घेतलाय. सकाळची दाढी ते तिच्यातच बसून करून घेतात. आईने फाटकापासून गॅसची टाकी तिच्यावरून आणली. बाबांनी इंद्रायणी तांदळाची दोन पोती वाहिली. माझ्याशिवाय सगळ्यांना ती फार सोयीची पडते.

एक वाईट बातमी. महिनाभर मी वाचनालय उघडायला गेले नाही. मोटरसायकलवर पाय टाकून बसणं आता सोसत नाही. बाबांनी एकदा ट्रॅक्टरवरून सोडलं आणि न्यायला यायचं विसरले. अंधार पडेपर्यंत मी मासिकं लावत बसले. आता अध्यक्ष हैबतरावांनी निरोप पाठवलाय, की एक ऑक्टोबरला दुपारी चारला समितीची बैठक वाचनालयातच आहे. मी येऊन दार उघडलं तर किल्ली माझ्याकडे राहील, नाहीतर ती निरंजनकडे जाईल. निरंजन वाईट नाही. पण तो तिथे कॅरम ठेवणार आहे. सहा वर्षं लावलेली ती कपाटं सोडली, तर माझ्याकडे अंगण तेवढं उरेल.

लोभ आहेच, खुर्ची वापरली नाही म्हणून तो आटवू नकोस.

तुझी,
गौतमी

भूगाव,
९ सप्टेंबर

चि. गौतमीला भरपूर आशीर्वाद आणि थोडा राग.

तानाजीचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत, तरी तो भूगावला जीपने येतो. त्याला आजवर कुणी लबाड म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी स्वतः चौथ्या मजल्यावर लिफ्टने जाते. मला जिना चढता येतो. पण जिना चढून गेले तर वर गेल्यावर माझ्याकडे धापच उरते, आणि धापेवर आमटी होत नाही.

तू वाचनालयापर्यंत चालत पोचशीलही. पण मग कपाट उघडायला कोण येणार आहे? चालण्याचं बक्षीस कुणी ठेवलेलं नाही, गौतमी. जायचं कुठे ते आधी ठरव.

आबांना म्हणावं, दाढी लाकडी खुर्चीत करा. तुझ्या बाबाला, शेखरला म्हणावं, पोती डोक्यावरून ने, बहिणीने खुर्ची भाचीसाठी पाठवलीय. आणि चादर परत पाठव. ती जोडीतली आहे. तिच्याविना दुसरी उगीच कपाटात पडून आहे.

हे पत्र वाचल्यावर निदान अंगणात बसून बघ. आशीर्वाद वसूल करण्याची माझी पद्धत तुला माहीत आहे.

तुझी,
रजनीआत्या

कोळवण,
१६ सप्टेंबर

ती. आत्या, नमस्कार. वि. वि.

बसून बघितलं. त्यामुळे आता मी गावात देवीच्या कृपेला पात्र झाले आहे, आणि सगळा दोष तुझा आहे.

रविवारी सकाळी अंगणात खुर्चीत बसले. खरं सांगते, फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुंपणाच्या कडेने एकटीच गेले, शेवंतीला कीड लागलीय ते बघितलं आणि परत आले. कुणाला हाक मारावी लागली नाही. तेवढ्यात अंगणातल्या चुलीवर दूध उतू जायला लागलं. मी उठले, चार पावलं टाकली आणि पातेलं उतरवलं. फाटकात धोंडाबाई उभी होती. मला खुर्चीत बघून माझे पाय पुरते गेले असं तिने धरलं होतं, आणि आता तिने मला उभं बघितलं. तिच्या हातातला तांब्या पडला. अर्ध्या तासात वाडीतल्या सात बाया नारळ घेऊन आल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले, की मला आधीपासूनच चालता येतं. धोंडाबाई म्हणाली, की पोरगी लई गुणाची हाय, देवीनं पाय दिलं तरी मिरवत न्हाई.

आत्या, मी नारळ परत केले. सातही दारांत आईला पाठवलं. एकीने घेतला नाही, त्याची खोबऱ्याची वडी झाली आणि मी ती खाल्ली नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. उद्या वाचनालयाच्या दारात खुर्चीतून उठले आणि हैबतरावांनीही हात जोडले तर? किंवा ते म्हणाले, की हिला उभं राहता येतं, मग हे नाटक कशाला? दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही.

खुर्चीवर पुन्हा चादर टाकलीय. म्हणून चादर पाठवत नाही. क्षमा कर.

तुझी,
गौतमी

भूगाव,
२० सप्टेंबर

चि. गौतमीला आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा नाही.

लोक विचारतील. विचारू देत. तुला खोटं बोलता येत नाही ही तुझी अडचण नाही, सोय आहे. जे आहे ते एका वाक्यात सांगायचं आणि कामाला लागायचं. ते वाक्य तू तयार कर. मी सांगितलं तर ते माझं होईल.

वडी तरी खायची होतीस.

तुझी,
रजनीआत्या

(चादर.)

कोळवण,
२ ऑक्टोबर, दसरा

ती. आत्याला दसऱ्याचं सोनं आणि नमस्कार. वि. वि.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर तू ओरडशील. तुझं पत्र आल्यावर मी घरात कुणाला काही न सांगता रोज संध्याकाळी फाटकापर्यंत खुर्ची चालवायचा सराव केला. काल तीन वाजता पंजाबी ड्रेस घालून, केस बांधून, किल्ली गळ्यात घालून बाहेर आले. आणि बघते तर काय? काल खंडेनवमी होती. बाबांनी ट्रॅक्टर, नांगर, विळे, कोयते, विहिरीचा पंप सगळं धुऊन अंगणात ओळीने मांडलं होतं, आणि ओळीच्या शेवटी माझी खुर्ची. चाकांना झेंडूच्या माळा, पाठीला हळदीकुंकवाचं स्वस्तिक, हातावर लिंबूमिरची. आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. पूजेला लावलेलं अवजार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत हलवायचं नाही.

बाबांनी हात आडवा केला. म्हणाले, की आज न्हाई, उद्या जा. बैठक आजच आहे म्हटल्यावर ते मला पाठीवर घेऊन निघायला तयार झाले. सत्तावीस वर्षांची मी, बाबांच्या पाठीवरून समितीपुढे.

रीत मोडायची मला किती भीती वाटते ते तू जाणतेस. पोथीची एक ओळ सुटली म्हणून अख्खा अध्याय पुन्हा वाचणारी मीच. पण साडेतीन झाले होते. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलं नव्हतं:

“बाबा, हे अवजार नाही. हे माझे पाय आहेत. त्यांची पूजा केलीत, बरं झालं. पण पाय कुणी दिवसभर ओळीत लावून ठेवतं का?”

महिनाभर मीच सगळ्यांना सांगत होते, की ही खुर्ची माझी नाही. म्हणून आई माझ्याकडे बघतच राहिली. निकाल आबांनी दिला. लाकडी खुर्चीतून ते म्हणाले, की व्हय की रं शेखर, पाय कसं ठेवशील जागंवर? जाऊ दे पोरीला.

माळा काढायला वेळ नव्हता, तशीच निघाले. फार्महाउसवाल्यांमुळे झालेला काँक्रीटचा रस्ता पहिल्यांदा माझ्या कामी आला. गतिरोधकावर निम्मा झेंडू सांडला. एसटी मागून आली तेव्हा मी कडेला झाले, तर कंडक्टरने हात जोडले. मला की लिंबूमिरचीला, ते कळलं नाही. बाबा विजेच्या खांबांआडून मागेमागे येत होते. मी वळून बघितलं नाही, त्यांना वाटतंय मला ठाऊक नाही.

वाचनालयाला एक पायरी आहे. खुर्ची खाली ठेवली, उठले, पायरी चढले आणि कुलूप काढलं. मागे हैबतराव, निरंजन आणि समितीतले दोघे उभे. हैबतराव खुर्चीकडे बघत होते आणि माझ्या पायांकडे बघत होते. मग मी ते वाक्य सांगितलं. म्हटलं, मला चालता येतं, पण थोडंच. ते थोडं मी रस्त्यावर संपवत नाही, इथे आत, कपाटांपाशी वापरते.

हैबतरावांनी निरंजनला सांगितलं, की पायरीला सिमेंटचा उतार पाहिजे, तू उद्यापासून बघ. किल्लीचं कुणी काढलंच नाही. कॅरम मात्र येतोय, कोपऱ्यात. ते मी सोसेन.

आज पहाटे आबा दाढीसाठी खुर्चीकडे गेले. मी नाही म्हटलं. आत्या, मला ते नाही म्हणताना जराही वाईट वाटलं नाही, आणि त्याबद्दलही वाईट वाटत नाहीये.

लोभ वाढवलास तरी आता सांभाळीन. तानाजीबरोबर चादर पाठवतेय. धुऊन, घडी घालून. इथे आता तिला काही काम नाही.

तुझी,
गौतमी